परतीची वाट आधी बांधा
(बारामती येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



स्मृती व्याख्यानमालेत बहुधा इतिहास, साहित्य, शेती, सहकार असे विषय येतात. यंदा संगणकावर बोला, असे मला सांगण्यात आले. त्यातलाही मी अगदी रोजचा प्रश्न निवडला आहे. काल संध्याकाळपर्यंत नीट चालणारा संगणक रात्री अपडेट झाला आणि सकाळी सुरूच होईना, तर काय करायचे? विषय कोरडा वाटेल. पण ज्यांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमतो, ते शिक्षक होते, आणि लोकांना रोज लागणारे ज्ञान लोकांच्या भाषेत सांगणे हाच शिक्षकाचा खरा सन्मान, असे मी मानतो.

हा प्रश्न आपल्या दोन तालुक्यांत किती खोलवर गेला आहे, ते पाहा. पहाटे दूध संकलन केंद्रावर लिटर, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धेतर घनपदार्थ) यांचे आकडे संगणकात जातात आणि त्यावरून दहा दिवसांचे बिल निघते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, कोणताही कारखाना घ्या. गळीत हंगामात उसाची गाडी वजनकाट्यावर चढली की आकडा संगणकात उमटतो. विकास सोसायटीचे पीककर्ज, पतसंस्थेची ठेव, सेतूतला उत्पन्नाचा दाखला, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला या सगळ्यांची वाट एखाद्या टेबलावरच्या जुन्या संगणकातून जाते. इथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टचे तंत्रज्ञान घेऊन उसाच्या शेतात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, आणि २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी, सत्या नाडेला यांनी, जगासमोर त्याचे कौतुक केले. उपग्रह आणि जमिनीतले सेन्सर आपल्या उसाशी बोलू लागले आहेत. त्याच तालुक्यात एखादा सोसायटीचा सचिव काळ्या पडद्यासमोर हतबल होऊन बसतो आणि बाहेर माणसे खोळंबतात, हे मला बोचते.

मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. अपडेट टाळू नका. पण परत येण्याची वाट बांधल्याशिवाय अपडेट करूही नका. आणि ती वाट बांधणे हे संस्थेचे काम आहे. टेबलावर बसलेल्या ऑपरेटरच्या माथी ते मारू नका.

एका सकाळची गोष्ट

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजत आले होते. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीचे सुरक्षा सॉफ्टवेअर जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालते. त्या कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरला नवी माहिती पुरवणारी एक छोटी फाइल पाठवली. ती फाइल पोचली आणि विंडोजवर चालणारे संगणक निळा पडदा दाखवून कोसळू लागले. पुन्हा सुरू करावे, तर सुरू होता होताच पुन्हा कोसळत. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार असे ८५ लाख संगणक होते. जगातल्या एकूण विंडोज संगणकांच्या तुलनेत ही संख्या एक टक्क्याहूनही कमी. पण ते संगणक विमानतळ, रुग्णालये, बँका अशा मोक्याच्या जागी होते. भारतात इंडिगोला सुमारे दोनशे उड्डाणे रद्द करावी लागली, आणि विमानतळांवर प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी सांगितले की आपल्या दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा आला.

चूक काय होती? कंपनीनेच नंतर सविस्तर अहवाल काढला. नव्या फाइलमधली रचना २१ रकाने धरून चालत होती, आणि ती वाचणारा कोड २० च रकाने पुरवत होता. एकविसावा रकाना शोधायला कोड स्मृतीतल्या भलत्याच जागी गेला. हा कोड विंडोजच्या अगदी गाभ्यात चालणारा, त्यामुळे तो पडला आणि अख्खा संगणक पडला. शिवाय ही फाइल टप्प्याटप्प्याने न जाता एकदमच सगळीकडे गेली.

कंपनीने ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली. तरी पडलेले संगणक उठले नाहीत, कारण जो संगणक सुरूच होत नाही त्याच्यापर्यंत सुधारलेली फाइल पोचणार कशी? काहींना वारंवार रीस्टार्ट करून जाग आली. उरलेल्या असंख्य संगणकांपाशी माणसाला स्वतः जावे लागले. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसायची, एवढेच काम होते. पण ते हाताने, एकेका संगणकावर करायचे होते. अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सला सावरायला पाच दिवस लागले.

या घटनेतून मी दोन गोष्टी घेतो. जगातल्या सर्वांत सावध संस्थांवरही ही वेळ येते, तेव्हा आपल्या सोसायटीच्या संगणकावर ती आली तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. दुसरे म्हणजे, दुरुस्ती अवघड नव्हती. अवघड होते ते बंद संगणकापर्यंत जाणकार हात पोचणे. असे हात गावोगावी तयार होऊ शकतात, म्हणूनच आज मी बोलतो आहे.

पाणी कुठपर्यंत आले?

संगणक सुरू होणे ही एक घटना दिसते, पण त्यात पाच-सहा टप्पे असतात. इथल्या श्रोत्यांना ते नीरा डाव्या कालव्यावरून चटकन कळतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा कालवा बारामती ओलांडून इंदापूरला जातो. आवर्तन सुटले आणि टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळाले नाही, तर जाणता पाटकरी धरणाला दोष देत बसत नाही. तो पाटाच्या कडेने चालत जातो आणि पाणी शेवटचे कुठल्या दारापर्यंत पोचले ते बघतो. दोष त्या दाराच्या पुढेच असणार. बंद संगणकाचेही नेमके असेच करायचे. ‘चालू होत नाही’ एवढ्यावर थांबायचे नाही. कुठपर्यंत चालू झाला, ते पाहायचे.

पहिला टप्पा विजेचा. बटण दाबल्यावर दिवा लागतो का, पंखा फिरतो का? काहीच झाले नाही तर अपडेटचा विचार डोक्यातून काढा. वायर, बोर्डाचे बटण, यूपीएस, एसएमपीएस हे तपासा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून पुन्हा बघा.

दुसरा टप्पा मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रामचा. त्याला जुने लोक बायोस म्हणतात, नव्या संगणकात तो यूईएफआय असतो. तो आधी रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते पाहतो, मग कंपनीचे चिन्ह दाखवतो. पंखा फिरतो, बीप वाजतात, पण पडदा काळाच, अशा वेळी संशय रॅमवर घ्यावा. दुरुस्तीवाला रॅमची पट्टी काढतो, शाळेतल्या खोडरबराने तिचे सोनेरी दात हलक्या हाताने पुसतो आणि पट्टी खटका वाजेपर्यंत पुन्हा बसवतो. आपल्याकडच्या धुळीत हा उपाय पुष्कळदा लागू पडतो. मात्र आधी वीज पूर्ण बंद करा आणि धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा.

तिसरा टप्पा, विंडोज कोणत्या डिस्कवर आहे ते शोधण्याचा. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी अक्षरे आली तर आधी पेन ड्राइव्ह लावलेला राहिला आहे का ते पाहा. नसेल तर डिस्कची केबल सैल आहे, किंवा डिस्क गेली आहे, किंवा बोर्डावरचा रुपयाएवढा तीन व्होल्टचा सेल संपला आहे. हा सेल संपला की जुना संगणक आपली सगळी मांडणी विसरतो. तारीख अनेक वर्षे मागे गेलेली दिसली तर सेलच बदला.

चौथ्या टप्प्यावर बूट लोडर नावाचा छोटा प्रोग्राम विंडोजला हाक मारतो. पाचव्या टप्प्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर स्मृतीत चढतात. तेव्हा विंडोजच्या चिन्हाखाली ठिपके गोल फिरत असतात. सहाव्या टप्प्यावर बाकीच्या सेवा सुरू होऊन पासवर्डची चौकट येते. अपडेटमुळे होणारे बहुतेक बिघाड या शेवटच्या तीन टप्प्यांत असतात. म्हणजे कंपनीचे चिन्ह नीट दिसून त्यापुढे अडले असेल, तर अपडेटवर संशय घ्यायला जागा आहे. चिन्हाच्याही आधी अडले असेल, तर बहुधा दुसरेच काही बिघडले आहे.

अपडेट नेमके कुठे फसते?

अपडेट म्हणजे चालत्या यंत्रणेचे भाग बदलणे. विंडोज चालू असताना वापरात असलेल्या फाइली बदलता येत नाहीत. म्हणून नव्या फाइली आधी बाजूला उतरवून ठेवल्या जातात, आणि बंद करताना व पुन्हा सुरू होताना त्यांची अदलाबदल होते. ‘कृपया संगणक बंद करू नका’ असे लिहून टक्केवारी दिसते, तो हाच काळ. नेमकी या वेळी वीज गेली, तर काही भाग नवे आणि काही जुने अशी अवस्था होते.

आपल्याकडे हे कारण सर्वांत मोठे आहे. वीज कधी जाईल त्याचा भरवसा नसतो, व्होल्टेज खाली-वर होते, आणि यूपीएसची बॅटरी तीन-चार वर्षांत दमलेली असते. ती दिवा लावून बसते, पण भार घेत नाही. त्यात इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते, म्हणून अपडेट दिवसेंदिवस पुढे ढकलले जाते, आणि मग साचलेले सगळे एकदम एका संध्याकाळी अंगावर येते.

दुसरे कारण म्हणजे नवा भाग आणि जुने यंत्र यांचे न जुळणे. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या त्रुटी झाकणारे एक सुरक्षा अपडेट आले, आणि एएमडीचे जुने प्रोसेसर असलेले काही संगणक सुरूच होईनात. मायक्रोसॉफ्टला त्या यंत्रांसाठी ते अपडेट थांबवावे लागले. ज्यांच्याकडे सेकंडहँड संगणक आहेत त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिसरे कारण जागेचे. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर बदलाला पाय ठेवायलाही जागा उरत नाही. चौथे कारण चोरीच्या विंडोजचे. ती खरी भासावी म्हणून काही मूळ फाइली आधीच बदललेल्या असतात, आणि अपडेट त्यांच्यावर येऊन आदळते. संगणक विकताना ‘सगळे टाकून दिले आहे’ असे कुणी म्हणाले, तर काय टाकले आणि त्याची पावती कुठे, हे तिथल्या तिथे विचारा.

पण एक सावधगिरी हवी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, तसे इथे फार होते. पुष्कळ कार्यालयांत संगणक महिनोन्‌महिने खऱ्या अर्थाने बंदच होत नाही, नुसता झोपवला जातो. डिस्क आतून झिजत असते, सेल संपत आलेला असतो, पण रोजच्या कामात ते दिसत नाही. अपडेट येते, अनेक महिन्यांनी पहिल्यांदा पूर्ण रीस्टार्ट होतो आणि जुना आजार बाहेर पडतो. अशा वेळी अपडेट काढून उपयोग नाही. जी डिस्क टक-टक आवाज करते, तिच्यावर दुरुस्तीचे प्रयोग करत बसणे म्हणजे उरलेली माहितीही घालवणे.

टेबलावर बसून

आता समजा, संगणक तुमच्यासमोर आहे. सकाळचे सहा वाजले आहेत. केंद्राबाहेर किटल्या आणि कॅन रांगेत आहेत, आणि पडद्यावर पस्तीस टक्क्यांवर आकडा अडकला आहे. पहिले काम, रजिस्टर आणि पेन काढा. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ असे चार रकाने ओढा आणि दूध घ्यायला सुरुवात करा. वजनकाटा आणि फॅट मशीन आपले आकडे स्वतःच्या पट्टीवर दाखवतात, संगणक नसला तरी ते वाचता येतात. रांग हलू लागली की तुमच्यावरचा ताण उतरतो. ताण असताना केलेली दुरुस्ती बिघाड वाढवते.

मग पडद्यावर जे लिहिले आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. पुढे कुणाला विचारायचे झाले तर हा फोटोच उपयोगी पडतो. डिस्कचा बारीक दिवा लुकलुकतो आहे का ते पाहा. लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे, थांबा. जुन्या फिरत्या डिस्कवर मोठ्या अपडेटला दोन-तीन तास सहज लागतात. घाईने वीज तोडली तर बऱ्या होणाऱ्या संगणकाला आपणच आजारी पाडतो.

पुष्कळ वेळ गेला आणि कसलीच हालचाल नाही, अशी खात्री झाल्यावरच पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद करा. प्रिंटर, स्कॅनर, बायोमेट्रिक यंत्र, डिजिटल सहीचा डोंगल, पेन ड्राइव्ह सगळे काढा. फक्त कीबोर्ड, माउस आणि पडदा ठेवा. पुन्हा सुरू करा. बाहेरच्या एखाद्या यंत्राच्या ड्रायव्हरमुळे अडले असेल तर इथेच सुटते.

तरीही नाही झाले, तर विंडोजच्या दुरुस्ती-कक्षात जायचे. विंडोज लागोपाठ दोनदा सुरू व्हायला फसले, की पुढच्या वेळी ते आपणहून या निळ्या पडद्यावर येते. तिथे ‘ट्रबलशूट’ आणि त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडा. आता क्रम महत्त्वाचा आहे. ज्याने कमीत कमी बदल होतो ते आधी करायचे.

आधी ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवून पाहा. तो चौथ्या टप्प्यावरचे साधे दोष स्वतः दुरुस्त करतो. मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. तिथे दोन पर्याय असतात. दरमहा येणारे सुरक्षा अपडेट काढायचा एक, आणि विंडोजची आवृत्तीच बदलणारे मोठे अपडेट काढायचा दुसरा. दुसरा पर्याय साधारण दहा दिवसच उपलब्ध असतो, त्यानंतर जुन्या फाइली पुसल्या जातात. म्हणून मोठ्या अपडेटनंतर काही गडबड वाटली तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका.

तिसरा उपाय सेफ मोडचा. ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून रीस्टार्ट केल्यावर आकड्यांची यादी येते, त्यात ४ दाबायचे. सेफ मोडमध्ये विंडोज अत्यावश्यक ड्रायव्हरच घेऊन उठते. इथे संगणक सुरू झाला, तर मूळ विंडोज शाबूत आहे आणि दोष नंतर बसवलेल्या कुठल्या तरी ड्रायव्हरमध्ये किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे निश्चित झाले. नुकतेच जे बदलले ते काढा. क्राउडस्ट्राइकच्या वेळी जगाने हेच केले. चौथा उपाय ‘सिस्टम रिस्टोअर’चा. पण तो आधी चालू करून ठेवलेला असेल तरच कामाला येतो.

यापुढचे काम कमांड प्रॉम्प्टचे आहे, ते जाणकाराने करावे. अर्धवट राहिलेले अपडेट डिझम या आज्ञेने मागे घेता येते, बूट लोडर बीसीडीबूटने पुन्हा लिहिता येतो, डिस्कवरच्या फाइलींची मांडणी चेकडिस्कने तपासता येते. तालुक्यातल्या तरुण तंत्रज्ञांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दुरुस्ती-कक्षात ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीचा सी तिथे डी म्हणून दिसतो. आज्ञा देण्याआधी आतल्या फोल्डरांची यादी काढून विंडोज खरोखर कुठल्या अक्षरावर आहे ते बघा. डिस्क आवाज करत असेल तर चेकडिस्क चालवूच नका, आधी माहिती बाहेर काढा.

विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांचे काम इथे सोपे आहे. नवा कर्नल, म्हणजे गाभा, फसला तर सुरुवातीच्या यादीत जुना कर्नल जागेवरच असतो. तो निवडायचा आणि कामाला लागायचे.

‘फॉरमॅट मारतो’ म्हणण्याआधी

आपल्याकडे दुकानात संगणक नेला की पुष्कळदा पहिले वाक्य ऐकू येते, ‘फॉरमॅट मारतो, तासाभरात देतो.’ दुकानदाराचा वेळ वाचतो आणि संगणक सुरूही होतो. पण डेस्कटॉपवर ठेवलेल्या याद्या, डॉक्युमेंट्समधले ठराव, सी ड्राइव्हवरचा टॅलीचा हिशेब, सभासदांचे फोटो, सगळे जाते. सुरू न होणारा संगणक म्हणजे गेलेली माहिती, असे समीकरण नाही. विंडोज पडलेले असते, फाइली बहुधा जागेवर असतात. उबुंटूसारखी लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवता येते, ती सुरू करून फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. किंवा डिस्क काढून यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडावी. माहिती बाहेर काढल्याशिवाय फॉरमॅट करू देणार नाही, एवढे वाक्य संस्थेच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या तोंडी असले पाहिजे.

माहिती अशी बाहेर काढता येण्याला एक अपवाद आहे, आणि तो दिवसेंदिवस मोठा होत चालला आहे. पुष्कळ नव्या संगणकांवर डिस्क कुलूपबंद असते. त्या व्यवस्थेचे नाव बिटलॉकर. चोराने लॅपटॉप नेला तरी त्याला माहिती वाचता येऊ नये, हा हेतू उत्तमच आहे. पण जुलै २०२४ च्या सुरक्षा अपडेटनंतर काही संगणक सुरू होताना बिटलॉकरची चावी मागू लागले, हे मायक्रोसॉफ्टने मान्य केले आणि ऑगस्टमध्ये त्यावर दुरुस्ती दिली. ही चावी ४८ आकड्यांची असते. ती नसेल तर कितीही निष्णात तंत्रज्ञ आणा, आतली माहिती वाचता येणार नाही.

ही चावी बहुधा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठलेली असते, ज्या खात्याने संगणक पहिल्यांदा सुरू केला. आता आठवून पाहा, तुमच्या संस्थेचा संगणक कुणाच्या ईमेलने सुरू केला होता? विकणाऱ्या दुकानातल्या मुलाच्या? दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या ऑपरेटरच्या? तसे असेल तर तुमच्या संस्थेच्या तिजोरीची किल्ली आज दुसऱ्याच्या खिशात आहे. संस्थेच्या नावाचे खाते उघडा, चावी कागदावर छापा, आणि तो कागद शिक्क्यांसोबत कपाटात ठेवा.

मग अपडेट करायचेच कशाला?

इतके ऐकल्यावर कुणीही म्हणेल, अपडेट बंदच करून टाकू. अनेकांनी ते केलेही आहे. हा मोह मी समजू शकतो, पण तो महागात पडतो. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधले एक भगदाड बुजवणारे अपडेट दिले. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू त्याच भगदाडातून शिरला. दीडशे देशांत दोन लाखांहून अधिक संगणक कुलूपबंद झाले, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्यांनी दोन महिन्यांत ते अपडेट घेतले होते, ते या वाटेने होणाऱ्या हल्ल्यातून वाचले.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या हा दुसरा विषाणू आला आणि त्याने आपले दार ठोठावले. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. आपली द्राक्षे ज्या बंदरातून परदेशी जातात ते हे बंदर. नॉटपेट्या युक्रेनमध्ये एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरला होता, आणि पुढे पसरताना त्याने वॉनाक्रायचेही भगदाड वापरले. अपडेट कुठून येते याचा भरवसा हवा आणि येणारे अपडेट वेळेवर घ्यायलाही हवे, असे दोन्ही धडे त्या एका दिवसात आहेत.

हे मोठ्यांचेच दुखणे आहे असे वाटत असेल, तर ३१ जुलै २०२४ आठवा. सी-एज या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला. ती कंपनी छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरवते. धोका पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिचा संपर्क तोडला, आणि देशातल्या जवळपास तीनशे छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व इतर व्यवहार खोळंबले. हल्लेखोर गाव लहान की मोठे ते पाहत नाही.

आणि विंडोज १० चा मुद्दा आहेच. त्याचे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. आपल्या दोन तालुक्यांत अजून कितीतरी टेबलांवर तेच चालते. काही काळाची वाढीव सुरक्षा घेता येते, पण तो तात्पुरता आधार आहे. ज्या यंत्रात टीपीएम २.० ही चिप नाही, त्यावर विंडोज ११ ओढूनताणून बसवले तर पुढच्या मोठ्या अपडेटला तेच यंत्र अडण्याची भीती राहते. त्यापेक्षा लिनक्सवर जावे किंवा नव्या यंत्रासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी.

जबाबदारी कुणाची?

परतीची वाट ही काही माझी कल्पना नाही. चांगले अभियंते ती यंत्रातच बांधतात. अँड्रॉइडने २०१६ मध्ये अशी सोय आणली की फोनमध्ये प्रणालीच्या दोन प्रती राहाव्यात. तुम्ही एक वापरता तेव्हा दुसरीवर अपडेट बसते. नवी प्रत उठली नाही तर फोन जुनीवर परत येतो. क्राउडस्ट्राइकच्या धक्क्यानंतर मायक्रोसॉफ्टनेही २०२५ मध्ये विंडोज ११ ला अशी सोय दिली की सुरू न होणारा संगणक दुरुस्ती-कक्षातूनच इंटरनेटला जोडला जाऊन उपाय मागवू शकतो. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांनी धडा घेतला की बदल फसणारच, तेव्हा परत येण्याची सोय आधी करा.

आपल्या संस्थांनी हा धडा कधी घ्यायचा? आज चित्र असे आहे. संगणक बंद पडला की चेअरमन ऑपरेटरला विचारतात, ‘तू काय केलेस?’ तो किंवा ती तुटपुंज्या पगारावर असते. यूपीएसची बॅटरी बदला म्हणून तिने तीनदा सांगितलेले असते, बाहेरची डिस्क मागितलेली असते. ‘बघू’ म्हणून ते राहून गेलेले असते. एवढे झाल्यावर दोष मात्र तिच्या पदरात. हे अन्यायाचे आहे, आणि सहकाराच्या या भूमीत तर शोभत नाही. चौकशी करायचीच तर प्रश्न असा विचारावा, ‘तुला परत येता यावे म्हणून आम्ही काय दिले होते?’

म्हणून माझी मागणी ठोस आहे. प्रत्येक दूध संस्थेने, सोसायटीने, पतसंस्थेने, सेवा केंद्राने पाच गोष्टी कराव्यात. माहितीची प्रत दर संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि ती डिस्क संगणकाला कायम लावून ठेवू नये, नाहीतर विषाणू तिलाही गिळतो. यूपीएसची बॅटरी दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष भार देऊन तपासावी. संगणक सुरू करता येईल असा दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह आणि बिटलॉकरची छापील चावी कपाटात असावी. मोठे अपडेट बिलाच्या किंवा हंगामाच्या ऐन दिवशी घेऊ नये, आणि संस्थेत चार संगणक असतील तर आधी एकावर घेऊन आठवडाभर पाहावे. शेवटची गोष्ट म्हणजे वर्षातून एक दिवस ठरवून संगणक बंद ठेवून कागदावर काम करून बघावे, म्हणजे खरी वेळ आल्यावर रजिस्टर कुठे आहे ते शोधावे लागत नाही.

याला फार पैसा लागत नाही. बाहेरची डिस्क आणि यूपीएसची बॅटरी मिळून जो खर्च होतो, तो एका दिवसाच्या खोळंब्यापेक्षा बहुतेक संस्थांना कमीच येईल. माणसेही आपल्याकडे आहेत. विद्या प्रतिष्ठानसारख्या संस्थांतून दरवर्षी संगणक शिकलेली मुले-मुली बाहेर पडतात, आणि गावोगावी एमएस-सीआयटी झालेले तरुण आहेत. त्यांच्यापैकी दोघा-दोघांना एका दिवसाचे हे शिक्षण दिले, तर प्रत्येक मोठ्या गावात संगणकाचा प्रथमोपचार जाणणारा हात उभा राहील. महाविद्यालयांनी हे प्रात्यक्षिक म्हणून घ्यावे. बंद पडलेले जुने संगणक वर्गात आणावेत आणि मुलांना पाटकऱ्यासारखे टप्प्याटप्प्याने चालत जायला शिकवावे.

श्रोतेहो, तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या सहकारी संस्थेचा सभासद आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंद, नफावाटणी आणि निवडणूक यांवर आपण तावातावाने बोलतो. पुढच्या सभेत उभे राहून एक प्रश्न विचारा. उद्या सकाळी आपल्या संस्थेचा संगणक सुरू झाला नाही, तर काम कसे चालेल आणि माझा हिशेब कुठे आहे? संचालकांना उत्तर देता आले तर टाळ्या वाजवा. देता आले नाही, तर त्याच सभेत ठराव मांडा, त्यात वर सांगितलेल्या पाच गोष्टी लिहा, कुणी करायच्या आणि कधीपर्यंत तेही लिहा, आणि ठराव इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय सभा संपू देऊ नका.